सात फिंजान गहवा

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी पहिल्यापासून हसत आले. हर्णैला आमच्या मोहल्ल्यात कुणाला काही दिसलं की अम्मी मलाच पुढे करायची, "हिला विचारा, ही नर्स आहे, हिला कायपण दिसत नाही." त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय... पण लिहिते.

मी प्रॅक्टिकल नर्स, तीही फिरती. एजन्सीचं ऑफिस रियाधला अल मलाझमध्ये. जिथे नर्स कमी पडेल तिथे आम्हाला धाडतात — दोन महिने इथे, तीन महिने तिथे. माझी बॅग कधी पूर्ण रिकामी होतच नाही. गेल्या हिवाळ्यात मी हाइलला होते. घरोघरी जाऊन ड्रेसिंग, कॅथेटर, इंजेक्शन. गाडीवर श्रीवर्धनचे मजीदभाई, माझ्या वडिलांच्या वयाचे.

शहराबाहेर गव्हाच्या शेतांपाशी एक म्हातारं जोडपं राहायचं. मुलगा नायेफ रियाधला नोकरीला, म्हणून सगळे त्यांना अबू नायेफ आणि उम्म नायेफ म्हणत, म्हणजे नायेफचे वडील आणि नायेफची आई. पेशंट म्हणजे उम्म नायेफ. वर्षभरापूर्वी स्ट्रोक आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तोंडातून शब्द म्हणून निघत नव्हता. पाठीला जखम झाली होती, तिचं ड्रेसिंग माझ्याकडे. बाकी सगळं अबू नायेफ करायचे, स्वतः इन्सुलिनवर असून. भरवताना तिला असे रागवायचे की वाटावं, ती उलट उत्तरं देतेय.

पहिल्या दिवशी ड्रेसिंग झाल्यावर त्यांनी तिच्या खाटेपाशीच मला गहवा दिला, इथली बिनदुधाची कॉफी. फिंजान म्हणजे एवढासा, बिनकानाचा कप. आमच्याकडे पाहुण्याने कपात ठेवलं तर वाईट दिसतं, म्हणून मी संपवला. त्यांनी लगेच भरला. मी पुन्हा संपवला. असं सात वेळा. तेही हटेनात, मीही हटेना, आणि उम्म नायेफ पडल्या पडल्या बघतेय. त्या रात्री मला झोप नाही. मजीदभाईंना यातलं अक्षर सांगितलं नाही, त्यांनी आठवडाभर चिडवलं असतं.

पुढच्या आठवड्याची गोष्ट. निघण्याआधी पेशंटच्या घरी फोन करायचा असा आमचा नियम. यांची वेळ अकराची, त्याआधी शहरातली दोन घरं. आठ वाजता गाडीतून फोन लावला — स्पीकरवर, कारण माझं अरबी हॉस्पिटलपुरतं आणि मजीदभाईंचं तीस वर्षांचं. नेहमी अबू नायेफ उचलतात. त्या दिवशी एका बाईने उचलला. म्हातारा पण खणखणीत आवाज.

"हिंदी नर्स ना तू? आधी इकडे ये. यल्ला."

मी म्हटलं, अकराला येतेच आहे.

"अकराला नको, आत्ता ये. आणि पोरी, पुरे झालं की फिंजान हलवत जा. सात प्यायलीस त्या दिवशी."

फोन बंद.

मजीदभाई माझ्याकडे बघतच राहिले. "सात?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"अगो बाय, नको असला की फिंजान असा हलवून परत द्यायचा. नायतर ते ओततच राहणार." हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "नायेफची फुफू आलेली दिसतेय, म्हाताऱ्याची बहीण. चल, आधी तिकडेच जाऊ. तापलीय बाई."

दार नुसतं लोटलेलं होतं. अबू नायेफ खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर पडले होते. घामाने भिजलेले, हाक मारली तर नुसतं हुं. शुगर बेचाळीस. सकाळी इन्सुलिन घेतलं, बायकोला भरवायला बसले आणि स्वतः खायचं राहिलं. मी त्यांना कुशीवर वळवलं आणि गालाच्या आत मध चोळत राहिले, मजीदभाईंनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. उम्म नायेफच्या डोळ्यांतून धारा वाहत होत्या. ॲम्ब्युलन्स पोचेपर्यंत म्हातारे उठून बसले होते आणि मलाच विचारत होते, "तू आज इतक्या लवकर कशी?"

अकराला गेले असते तर ते जिवंत सापडले नसते.

"तुमच्या बहिणीने बोलावलं ना," मी म्हटलं.

"कसली बहीण? घरात आम्ही दोघंच."

फोन उम्म नायेफच्या डाव्या हाताशी, गादीवर होता. आठ वाजताचा माझा कॉल त्यात दिसत होता, उचललेला. उचलला तिने असेल, मान्य. डावा हात चालतो तिचा. पण बोललं कोण? तिच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, शक्यच नाही. मजीदभाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकलं नसतं तर मी माझेच कान तपासून घेतले असते.

त्यानंतरच्या खेपेला गहवा आला. तिसऱ्यानंतर मी फिंजान हलवला. अबू नायेफ "शाब्बास" म्हणाल्यासारखे मान डोलवायला लागले. उम्म नायेफने आपली रिकामी डावी मूठ उचलली, हवेत तशीच हलवली आणि अर्ध्या तोंडाने हसली. मी हसता हसता रडले.

आता मी हफ्र अल बातिनला आहे. दर आठवड्याला सकाळी आठला त्यांना फोन करते. पलीकडे वाजणारी एकेक रिंग मी मोजत असते. ते कसं घडलं, मला अजून सांगता येत नाही. तिचा तो आवाज पुन्हा एकदा ऐकावा असं फार वाटतं... आणि मग पलीकडून अबू नायेफ "हॅलो, हॅलो" ओरडतात, तेव्हा तो ऐकू आला नाही म्हणून मी अल्लाहचे आभार मानते.