आयर्लंडहून येणारा घरखर्च

बाबांनी सायकल स्टँडला लावली, हातपाय धुतले, चहा घेतला. आई आत गेल्याची खात्री केली आणि मग हळूच मला विचारलं, “आयर्लंडवाली बाई कोण होय?”

मी सांगितलं, क्लायंट आहे.

“बँकेत तर तसं नाही सांगून राहिले,” बाबा म्हणाले.

बाबा वरठीच्या स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवून रिटायर झालेले. कमी बोलतात. त्या दिवशी ते बँकेत पेन्शनच्या रांगेत उभे होते. काउंटरवरच्या बाबूंनी त्यांना पाहिलं आणि अगदी आपुलकीने, म्हणजे सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांचं अभिनंदन केलं. तुमच्या निखिलच्या खात्यात परदेशातून एका बाईचा घरखर्च जमा झाला, आता तुम्हाला कसली काळजी, असं ते म्हणाले. रांगेत अर्धी वरठी होती.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण त्याच महिन्यात माझं लग्न ठरायला आलं होतं. सानगडीची मुलगी, शीतल. बी. कॉम. झालेली, साकोलीत एका कर सल्लागाराच्या ऑफिसात नोकरीला. आम्ही सानगडीला जाऊन आलो होतो. आता रविवारी त्यांच्याकडचे लोक आमचं घर पाहायला येणार होते. शीतलच्या मामांचे एक साडू वरठीतच राहतात. ते त्या रांगेत होते की नाही हे मला माहीत नव्हतं. रात्री सानगडीहून फोन आला, तेव्हा कळलं की होते.

आता माझं काम काय ते सांगतो, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. मी ऑडिओ एडिटर आहे. लोक घरी बसून पॉडकास्ट रेकॉर्ड करतात. त्यात पंखा, खोकला, शेजाऱ्याचा कुत्रा असं सगळं येतं. ते काढून मी आवाज साफ करून देतो. ज्या घरात हे काम चालतं त्याच्या मागून दिवसभर मालगाड्या जातात. पण मी हेडफोन लावून बसतो, गाड्यांचा त्रास फक्त आईला होतो.

मॉरीन ही माझी सगळ्यात जुनी क्लायंट. मधमाश्या पाळते आणि त्यावर पॉडकास्ट करते. तिची अट एकच, पंख्याचा आवाज काढायचा, माश्यांचा ठेवायचा. दोन्ही सारखेच गुणगुणतात. वर्षभर धडपडलो तेव्हा कुठे मला फरक ओळखू येऊ लागला. त्या काळात तिने मला सोडलं नाही, आणि आता ती पुढच्या दोन वर्षांचं काम एकत्र द्यायला तयार होती. फक्त पैसे पाठवायचा एक रस्ता पक्का कर, रोज नवा सांगू नकोस, एवढंच तिचं म्हणणं होतं.

तिचंही बरोबर होतं. सुरुवातीला मी एका ऑनलाइन वॉलेटवर पैसे घेत होतो. वॉलेट उघडायला सोपं, ईमेल दिला की झालं. पण युरोचे रुपये करताना ते लोक आपला स्वतःचा भाव लावायचे, आणि तो भाव नेहमी माझ्या विरुद्ध असायचा. म्हणून मी ठरवलं, मधला माणूसच नको, थेट बँकेतून बँकेत घेऊ. याला वायर ट्रान्सफर म्हणतात. मधला माणूस टाळायला गेलो आणि तीन भेटले. एक तिची बँक, एक आमची बँक आणि एक वाटेतली बँक, जिचं नाव आम्हा दोघांनाही कधी कळलं नाही. तिघींनी आपापला वाटा कापला. आणि आमच्या बँकेने वरून बायको दिली.

दुसऱ्या दिवशी मी बँकेत गेलो. बाबूंनी खुर्ची दिली. बाहेरून पैसा आला की तो कशासाठी आला हे बँकेला कळवावं लागतं, असं त्यांनी समजावलं. त्याला पर्पज कोड म्हणतात. सॉफ्टवेअरचा वेगळा, शिक्षणाचा वेगळा, असे पुष्कळ कोड असतात. आमच्या शाखेत मात्र परदेशी पैसा म्हणजे आखातात गेलेल्या पोरांनी घरी पाठवलेला. त्यामुळे बाबूंचा हात सवयीने घरखर्चावर जायचा.

“तुमचं ते आवाज साफ करणं कोणत्या कोडात बसवू?” ते म्हणाले. “घरखर्चाले कोणी काही विचारत नाही. मी तर तुमचं भलंच केलं.”

बदलता येईल का, असं मी विचारलं. एकदा माहिती नागपूरला गेली की अर्ज, खुलासा, मोठ्या साहेबांची सही, असं बरंच काही त्यांनी मोजून दाखवलं. मग ते थोडं पुढे झुकले आणि बाई वयाने किती आहे, असं त्यांनी विचारलं. मी उठलो.

रविवारी मामा आले. शीतलचे वडील तब्येतीमुळे घरीच थांबले होते. पण मामांच्या मोटारसायकलवर मागे शीतल बसलेली होती. पाहुण्यांबरोबर मुलीने स्वतः येण्याचा रिवाज आमच्याकडे नाही. जयभीम झाला, पाणी झालं, पोहे आले. मामांनी पोह्यांना हात लावला नाही. आपली भाची फसू नये म्हणून आलेला माणूस, त्याच्या जागी मी असतो तर मीही लावला नसता.

मी सगळं समजावलं. वॉलेट, वायर, कोड. जितकं जास्त समजावलं तितका मी स्वतःलाच खोटा वाटू लागलो. शेवटी म्हटलं, तिलाच विचारा. दर रविवारी चार वाजता आमचा कामाचा कॉल असतोच.

व्हिडिओ सुरू झाला. मॉरीन थेट मधाच्या पेट्यांजवळून बोलत होती. डोक्यावर टोपी, टोपीवरून चेहऱ्यापुढे पांढरी जाळी. मामा स्क्रीनच्या जवळ सरकले.

“मच्छरदाणी घालून काहून बसली ही?” त्यांनी विचारलं.

मी माश्यांचं सांगितलं. मग मॉरीनला म्हटलं, आमच्याकडे पाहुणे आले आहेत, मी तुमच्यासाठी काय काम करतो ते त्यांना सांगा. तिला वाटलं, आपण निखिलबद्दल चार चांगले शब्द बोलावेत. ती मनापासून म्हणाली, निखिल माझ्यासाठी नुसता कामाचा माणूस नाही, निखिल इज फॅमिली.

इंग्रजीत याचा अर्थ घरच्यासारखा. पण आमच्याकडे ‘फॅमिली आणली का?’ असं विचारलं, तर बायको आणली का असा अर्थ होतो. मामांना त्या अख्ख्या वाक्यातला तेवढा एकच शब्द कळला. ते उठले आणि दाराशी जाऊन चपला शोधू लागले. बाबा माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला तरी आधी सांगायला हवं होतंस, एवढंच त्यात होतं. ते मला जास्त लागलं.

शीतलने माझ्या हातातून मोबाइल घेतला. तिने सावकाश, शाळेत शिकवतात तशा इंग्रजीत विचारलं, माझे मामा विचारत आहेत, निखिल तुमचा नवरा आहे का?

मग मॉरीनने जाळी वर केली. सत्तरीची बाई, पांढरे केस, गालावर सुरकुत्या. ती इतकी हसली की तिला टेकायला जागा शोधावी लागली. मग तिने ओरडून कोणाला तरी बोलावलं. हातात माश्यांवर धूर सोडायचं भांडं घेतलेला एक उंच म्हातारा येऊन उभा राहिला. हा माझा नवरा, टॉम, ती म्हणाली. हा एकच पुरे आहे.

टॉमने हात जोडून नमस्कार केला. मामांनी एका पायात चप्पल घालून नमस्कार केला. नंतर ते परत आले, बसले आणि गार झालेले पोहे खाऊ लागले. “माणूस बरा दिसते,” ते टॉमबद्दल म्हणाले.

मला वाटलं, सुटलो. पण शीतल अजून माझ्याकडेच पाहत होती.

“मामाचं समाधान झालं, माझं नाही झालं,” ती म्हणाली. “तुमची कमाई कमाई म्हणून कुठं दिसून राहिली? उद्या इन्कम टॅक्सवाल्यानं विचारलं, तर त्यालेही व्हिडिओ कॉल लावून द्यान काय?”

मी आजवर फक्त कोण किती कापतं एवढंच पाहत आलो होतो. आधी हे नीट करा, मग पुढचं बोलू, असं सांगून ती मामांच्या मागे बसून निघून गेली.

मग मी नीट शोधलं. एक तिसरा प्रकार होता. ती कंपनी आपल्याला क्लायंटच्या देशातला एक खाते क्रमांक देते. क्लायंट त्यात तिकडच्या तिकडे पैसे भरतो आणि ते रुपये होऊन आपल्या बँकेत येतात. कापतात तेही. पण कोड मी स्वतः निवडायचा, आणि हे पैसे परदेशातून अमुक कामाचे आले असं प्रमाणपत्र दर वेळी मिळायचं. खातं उघडताना मात्र घाम निघाला. माझा जन्म आजोळचा. तेव्हा ते गाव भंडारा जिल्ह्यात होतं, जिल्हा तुटल्यावर गोंदियात गेलं. एका कागदावर भंडारा, दुसऱ्यावर गोंदिया. त्यांच्या मदत केंद्रातल्या मुलीने फोनवर फार सभ्यपणे विचारलं, सर, तुमचा जन्म नेमका किती ठिकाणी झाला? गाव जागेवरच आहे, जिल्हा हलला, हे तिला पटवायला तीन फोन लागले.

मॉरीनला हाच रस्ता पक्का म्हणून कळवला आणि पहिले पैसे आले. त्यापुढे ऑडिओ सेवा असं लिहिलेलं होतं. मी प्रमाणपत्राचा फोटो शीतलला पाठवला. तिने उत्तरात एवढंच विचारलं की तुमच्याकडे मागच्या वर्षीचं रिटर्न भरलेलं आहे का. आईला हा नकार वाटला. बाबांना होकार वाटला. बाबांचं बरोबर निघालं.

बँकेतल्या बाबूंना मात्र वाईट वाटलं. घरखर्च बंद झालेला त्यांनी पाहिला होता. काही भांडण झालं का, असं त्यांनी बाबांना एकदा बाजूला घेऊन विचारलंसुद्धा.

हल्ली भंडारा, साकोलीकडची नवी पोरं मला विचारतात की भाऊ, बाहेरच्या पैशासाठी कोणतं अकाउंट घेऊ, सगळ्यात कमी कोण कापते? मी सांगतो, कापतात सगळेच. पैसा कशाचा म्हणून लिहितात, ते आधी पाहा. कापलेला पैसा पुढच्या महिन्यात भरून निघतो. चुकीचं लागलेलं नातं काढायला मात्र खूप लोकांना पोहे खाऊ घालावे लागतात.