मास्तर येऊ द्या

सुपडाभाऊ पळता पळता मध्येच थांबायचे. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून रस्त्याच्या कडेला उभे राहायचे आणि पुढे गेलेल्या दोघांना हाक मारायचे, "थांबा बे. मास्तर येऊ द्या." मास्तर म्हणजे मी. खामगावच्या एका शाळेत गणित शिकवतो. तेव्हा माझं वजन ब्याण्णव किलो होतं आणि चौघांत मी कायम शेवटी असायचो.

बाकीचे दोघे म्हणजे किराणा दुकानवाला दिनेश आणि लाइनमन प्रमोद. जानेवारीतली हाफ मॅरेथॉन चौघांनी मिळून पळायची, ही टूम दिनेशची. पण ती तडीस न्यायचा विडा उचलला तो सुपडाभाऊंनी. वयानं ते आमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. जिनिंगच्या कारखान्यात फिटर होते. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू झाला की त्यांच्या भुवयांत रुईचे तंतू अडकलेले असायचे, ते आंघोळीनंतरही निघत नसत. पहाटे साडेपाचला ते माझ्या दारात उभे. मी कुरकुरलो की म्हणायचे, "गोधडी सोड, मास्तर. थंडी सारी गोधडीतच असते."

नांदुरा रोडला लागलो की तुरीच्या शेतांवरून असा गार वारा यायचा की कानटोपीतही कान दुखत. मी धापा टाकत पोचलो की सुपडाभाऊ काहीतरी विचारायचे. नवा हेडमास्तर कसा हाय, पोरं पाढे पाठ करतात का, खिचडी कोण शिजवते? मी बोलत सुटायचो, ते नुसती मान हलवायचे. माझ्या शाळेत एवढा रस घेणारा माणूस मला आयुष्यात दुसरा भेटला नाही. खोकायचे, पण त्यावर कुणी काही म्हटलं की हंगामाचं नाव सांगून विषय संपवायचे. जिनिंगमधले सगळेच हिवाळ्यात खोकतात, आम्हीही फार विचार केला नाही.

मला मात्र दिवसेंदिवस लाज वाटायला लागली. एवढा तयारीचा माणूस माझ्यापायी रोज चार-पाच वेळा थांबतो, आणि दिनेश येता-जाता टोमणे मारतो. मी मनाशी ठरवलं. शाळा सुटल्यावर मैदानावर एकटाच फेऱ्या मारू लागलो. भात सोडला, दुपारचा चहा सोडला. पाच आठवडे कुणाला पत्ता लागू दिला नाही. मॅरेथॉनचं मला फारसं काही नव्हतं. सुपडाभाऊंना माझ्यासाठी थांबावं लागू नये, एवढंच हवं होतं.

जानेवारीच्या सुरुवातीला एका पहाटे दाट धुकं होतं. त्या दिवशी मी दिनेश-प्रमोदच्या बरोबरीनं निघालो आणि मागे पडलोच नाही. दिनेशनं विचारलं, आज मास्तरांच्या मागे कुत्रं लागलं की काय. मी फुशारकीनं वेग आणखी वाढवला. मागून सुपडाभाऊंच्या बुटांचा आवाज येत होता. तीन किलोमीटर कुणी थांबलं नाही, कुणी थांबवलंही नाही. पेट्रोल पंपाजवळ आल्यावर माझ्या ध्यानात आलं की मागून आवाज येत नाहीये.

आम्ही माघारी पळालो. ते एका दगडाला पाठ टेकून बसले होते. ओठ निळे पडले होते आणि बोलायला श्वास पुरत नव्हता. प्रमोदनं दुधाचा टेम्पो अडवला आणि आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी सांगितलं की कापसाच्या धुळीनं फुफ्फुसं केव्हाच निकामी होत आली आहेत. वर्षापूर्वीच त्यांना जिनिंग सोडायला आणि थंडी टाळायला सांगितलं होतं. घरी सुपडाभाऊंनी सांगितलं होतं, औषधानं उतार पडला. वहिनी बाकावर बसून होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "रोज पळायले जात होते न, सर. मले वाटलं, मानूस बरा झाला."

त्या क्षणी मला सगळं समजलं. ते थांबत होते ते स्वतःसाठी. मला बोलायला लावत होते ते त्यांना श्वास घेता यावा म्हणून. सगळ्यांच्या देखत दम खायला त्यांना एकच आडोसा होता, आणि तो मी त्या सकाळी काढून घेतला होता.

ते चौथ्या दिवशी गेले. आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या खाटेशी बसलो होतो. राहवलं नाही, म्हणून सगळं सांगून टाकलं. लपून केलेला सराव, शाळेच्या मैदानावरच्या फेऱ्या, सगळं कशासाठी ते. चिडतील असं वाटलं होतं, पण ते हसले. मग त्यांनी तोंडावरचा मास्क हातानं बाजूला केला.

"काऊन केलं बे असं?" ते म्हणाले. दोन-तीन श्वास घेतले. "तू मांगं होता म्हनून तं मी पळून राह्यलो होतो."

त्यांना अजून काहीतरी सांगायचं होतं. मी मास्क परत त्यांच्या तोंडावर लावला. डॉक्टरांनी बोलू देऊ नका म्हटलं होतं, हे खरंच आहे. पण पुढचं ऐकायची माझी हिंमत नव्हती.