हिरवं परत येईपर्यंत

आमच्या गार्डकाकांना पुढे तोंड करून बसणं कधी जमलंच नाही. झाशीच्या टांग्यात ते मागच्या बाजूला बसायचे, पाय खाली सोडून, आणि काकू पुढे टांगेवाल्याशेजारी, सामान सांभाळत. दोघांची पाठ एकमेकांना लागलेली. हयात मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेलेली, त्यामुळे जग समोरून यावं ही कल्पनाच त्यांना मानवत नसे. म्हणायचे, "ड्रायव्हरला गाव येताना दिसतं, गार्डाला जाताना. जाताना नीट दिसतं, बिट्टी." बिट्टी म्हणजे मी; लहानपणी मला हे फार शहाणपणाचं वाटे.

काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. कधीकाळी सुभेदाराबरोबर दक्षिणेतून आलेलं आमचं घराणं. तलवार गेली आणि हातात झेंडी आली, असं वडील म्हणत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि रागावलं की दोन्हींची खिचडी. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. ते रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचे आणि माझ्या सगळ्या सुट्ट्या तिथेच जायच्या. मागच्या अंगणाला कमरेइतकी भिंत होती, आणि भिंतीपलीकडून मऊरानीपुरकडे जाणारी लाइन.

गाडी स्टेशनातून जाताना गार्ड हिरवी झेंडी दाखवतो आणि स्टेशनवरचा माणूस हिरवी दाखवून उत्तर देतो. गाडी नीट आहे, जाऊ द्या, एवढाच त्याचा अर्थ. काका-काकूंनी ही रीत घरी आणली होती. काकांची गाडी अंगणामागून निघाली की काकू हातातलं काम टाकून भिंतीशी जायच्या. त्यांच्या जुन्या हिरव्या लुगड्याचं एक फडकं खास त्यासाठी खुंटीला असे. शेवटच्या डब्यातून काकांची झेंडी, भिंतीवरून काकूंचं फडकं. कणकेचे हात, डोक्यावरून घसरलेला पदर, काही असो, फडकं हलल्याशिवाय राहत नसे. मी एकदा विचारलं, नाही दाखवलं तर काय होईल? काका गंभीरपणे म्हणाले, "हिरवं परत आलं नाही तर काहीतरी बिघडलंय असं धरायचं आणि गाडी रोकायची. कायदाच आहे."

ह्या कायदेपंडित माणसाचा एक मोठा गुन्हा होता. त्याने बायकोला कुठेही नेलं नाही. रेल्वेचा पास दरवर्षी यायचा आणि दरवर्षी फुकट जायचा. कधी कोणी आजारी म्हणून, कधी माणसं कमी म्हणून काकांची छुट्टी रद्द व्हायची, आणि काका कधी नाही म्हणायचे नाहीत. काकू म्हणत, "तुमचा पास म्हणजे नवसाचा नारळ. बांधून ठेवलाय, फुटत काही नाही." त्यांचं माहेर एरचचं, बेतवाकाठचं. माहेराहून झाशी आणि झाशीहून माहेर, एवढाच त्यांचा प्रवास.

तरी हौस दांडगी. कुठल्याशा जुन्या कॅलेंडरातलं एक चित्र त्यांनी कापून कपाटाच्या दारावर आतून चिकटवलं होतं. फ्रान्समधलं खेडं. खाली हिरवी नदी, दगडी पूल, वर सुळक्यावर किल्ला. "ही आमची बेतवाच आहे, फक्त धुतलेली," त्या म्हणायच्या. मग काकांना ऐकू जाईल असं विचारायच्या, "इथल्या गाडीला पास चालतो का हो?" काका वर्तमानपत्रातून म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू." मला त्यांचा राग यायचा. अजूनही येतो, खरं सांगायचं तर.

मी दहावीत असताना काकू गेल्या. सकाळी अंगणातल्या नळाशी, भिंतीच्या आड कोसळलेल्या सापडल्या. काका ड्यूटीवर होते. मऊरानीपुरला गाडी उभी राहिली तेव्हा स्टेशनमास्तर डब्यापाशी येऊन म्हणाले, "गार्डसाब, घर से फोन आया है." डॉक्टरांचं म्हणणं पडलं की अर्धा तास आधी आणलं असतं तर कदाचित. तेराव्यानंतर काकांनी कपाटातलं चित्र सोडवून डायरीत ठेवलं. खुंटीवरचं फडकं घडी घालून खिशात ठेवलं. पुढे कोणी काकूंचा विषय काढला की ते पाणी प्यायला उठायचे. निवृत्त झाले, आमच्या घरी राहायला आले आणि गच्चीच्या कठड्याशी तासन्‌तास बसू लागले, अर्थात गल्लीकडे पाठ करून.

पुढे मला फ्रान्समध्ये नोकरी लागली. बोर्दो शहरात. तिथून फोन केला की काका एकच विचारायचे, "बिट्टी, तो पूल सापडला का?" तिसऱ्या वर्षी म्हटलं, तुम्हीच या आणि शोधा. वाटलं, 'पुढच्या वर्षी बघू' म्हणतील. पण हा माणूस आठवड्यात पासपोर्टचा फॉर्म भरून मोकळा झाला. "तिला एक जागा दाखवायची राहिलीय," वडिलांना म्हणाले. "आता छुट्टी रद्द करणारं कोणी नाही."

दोर्दोन्य नदीच्या काठाने आम्ही आठ दिवस हिंडलो. अक्रोडाच्या बागा, पिवळ्या दगडाची खेडी, वळणावळणाला एखादा किल्ला. काका प्रत्येक ठिकाण गार्डाच्या डायरीसारखं लिहून ठेवायचे: किल्ला, आगमन दहा बेचाळीस, प्रस्थान अकरा तीस, हवा स्वच्छ. किल्ल्याचे बुरूज बघून म्हणाले, "आपल्या झाशीच्याच जातीचा. पण ह्याला कोणी रोज आठवत असेल असं वाटत नाही." अक्रोड विकणाऱ्या म्हातारीला ते रोज 'राम राम' करायचे आणि चौथ्या दिवशी तीच आधी 'रामराम' म्हणाली. गाडीत मात्र पुढे तोंड करून बसावं लागे म्हणून कुरकुर चालायची. कुठलंही खेडं मागे पडलं की मान वळवून काचेतून बघत राहायचे.

पूल काही सापडला नाही. पुलासारखे पूल बरेच सापडले. सहाव्या दिवशी एका पुलाखाली बसून त्यांनी डायरीतलं चित्र काढलं, समोर धरलं, खाली घेतलं, पुन्हा धरलं. "हा तो नाही," म्हणाले. "पण नदी तिला आवडली असती." चपला काढून ते बराच वेळ पाण्यात पाय सोडून बसले. मी मुद्दाम लांब जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी एक गुहा बघायला गेलो. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी आत चित्रं काढलेली. दहा-बारा माणसं, पुढे बॅटरी घेतलेली वाटाडी मुलगी. घोडे झाले, गवे झाले. आणि मग एका भिंतीवर हाताचा ठसा दिसला. कोणीतरी दगडावर पंजा टेकवून भोवती रंग फुंकलेला, पाची बोटं मोकळी, तळहात आपल्याकडे. हे कशासाठी केलं ते कोणाला माहीत नाही, असं ती मुलगी म्हणाली. सगळे पुढे सरकले. काका सरकले नाहीत. त्यांनी खिशातून ते हिरवं फडकं काढलं, उजवा हात वर केला आणि भिंतीसमोर तसेच उभे राहिले. मुलगी धावत आली, हात लावू नका म्हणाली. काका लावत नव्हतेच. मला म्हणाले, "हात वर केलेला माणूस उत्तर मागत असतो. ह्याला अजून कोणी दिलं नव्हतं."

परतताना नदीकाठची छोटी रेल्वे घेतली. काकांना उलट्या तोंडाची जागा मिळाली, मी समोर बसले. मला येणारी खेडी दिसत होती, त्यांना गेलेली. एका लहानशा स्टेशनवर गाडी सुटली तेव्हा त्यांनी सवयीने खिडकीतून फडकं दाखवलं. फलाटावर चिटपाखरू नव्हतं. त्यांचा हात बराच वेळ बाहेर राहिला.

मग ते त्या दिवसाविषयी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा. "त्या दिवशी ती भिंतीशी आली नव्हती, बिट्टी." आदल्या दिवशी पुन्हा छुट्टी रद्द झाली होती. जगन्नाथपुरीला जायचं म्हणून काकूंनी ट्रंक भरली होती, ती त्यांनी एक शब्द न बोलता रिकामी केली. सकाळी गाडी अंगणामागून गेली, काकांनी झेंडी दाखवली, भिंत मोकळी. "मला वाटलं, रुसलीय. म्हटलं, रुसू दे, मऊरानीपुरहून पेढे आणीन. वळण येईपर्यंत झेंडी धरून होतो. ब्रेक हाताशी होता. सगळ्या जिल्ह्याला कायदा सांगितला, आणि हिरवं परत आलं नाही तरी मी गाडी रोकली नाही." मी त्यांचे दोन्ही हात धरले. इतकी वर्षं मी ह्या माणसावर रागावले होते, आणि तो माझ्याहून कितीतरी जास्त स्वतःवर रागावून बसला होता. काका रडले नाहीत, मीच रडले. ते खिडकीबाहेर मागे जाणारी नदी बघत राहिले.

झाशीला परतल्यावर चार महिन्यांनी ते गेले. दुपारी गच्चीवर, कठड्याशी बसल्या जागी. मला पोहोचता आलं नाही. मागून वडिलांनी डायरी पाठवली. त्यात शेवटच्या पानावर प्रस्थानाची वेळ लिहिलेली आहे, विमानतळावरची, आणि पुढे 'सात मिनिटं उशीर'. त्या सात मिनिटांचं कारण त्यांनी लिहिलेलं नाही. मला माहीत आहे.

त्यांना परत पाठवताना विमानतळावर तपासणीच्या रांगेत ते सगळ्यांच्या मागे उभे राहिले, गार्ड शेवटी चढतो म्हणून. मी दोरीच्या अलीकडे. तेवढ्यात माझ्या ऑफिसचा फोन आला आणि मी पाठ वळवून बोलत सुटले. कुठलं तरी फालतू काम, आता आठवतही नाही. मागे काहीतरी गलका वाटला म्हणून वळले. काका दारात थांबले होते, माझ्याकडे तोंड करून, हिरवं फडकं वर धरून. मागाहून आलेले लोक खोळंबले होते, वर्दीतला माणूस त्यांना हाताने पुढे व्हा म्हणत होता, एक बाई वैतागून काही बोलत होती. काका कोणाचंही ऐकत नव्हते. फडकं खाली येत नव्हतं. मी फोन तसाच सोडला, गळ्यातली हिरवी ओढणी ओढून काढली आणि डोक्यावर धरून हलवली. त्यांनी ती नीट पाहिली. मग फडक्याची घडी घातली, खिशात ठेवलं आणि आत गेले.