माफीच्या दिवशी सव्वीस वेळा

सोजराबाईनं दोरवाल्या बाबांच्या देवळातली चांदीची वाटी चोरली, ती परत ठेवायची हिंमत होईना म्हणून बिचारी दिवसभर आत-बाहेर करत राहिली, अशी बातमी त्या साली पावसाळ्यात टाकळवाडीतून निघाली आणि बाजाराच्या दिवशी धाडपर्यंत पोचली. धाडला पोचेतो वाटीचा पेला झाला होता आणि परतीच्या वाटेवर समई. आणखी दोन बाजार गेले असते तर बाईनं देऊळच डोक्यावर घेऊन नेलं असतं.

तसं काही नव्हतं. बाबांकडे चांदीचं म्हणावं असं एकच भांडं, पूजेचं, आणि ते कुलपात असे. बाकी घरात जर्मनची दोन ताटं, एक चेपलेला तांब्या. चोरायला गेलेल्यानं उलट काहीतरी ठेवून यावं अशी तिथली परिस्थिती. पण बाई आत-बाहेर करत होती, हे खरं. सव्वीस वेळा. हे मोजलं समोरच्या पारावर बसलेल्या रंगरावानं, आणि रंगराव दुसऱ्या कशात नसला तरी लोकांच्या येरझारा मोजण्यात पक्का होता.

आता दोरवाले बाबा कोण, ते सांगायला हवं. बुलढाण्याला गोरा डिप्टी कमिशनर होता त्या दिवसांत हे पाद्रीबाबा नाल्यापलीकडच्या माळावर येऊन राहिले. अंगात भुरा झगा, पायात साध्या वहाणा, कमरेला पांढरा दोर आणि दोराला तीन गाठी. एक गाठ गरिबीची, एक ब्रह्मचर्याची, एक आज्ञा पाळण्याची, असं ते समजावून सांगत. सोजराबाई तेव्हा निंदणाऱ्या बायांची मुकादमीण. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आपल्या नवऱ्याईले बी असा दोर पायजे वो. तीन गाठी नको, एकच पुरे. घरी राह्याची."

बाबा झोळी घेऊन दारोदार भाकरी मागत. त्यांच्या पंथाचा मूळ संत म्हणे बड्या कापडवाल्याचा मुलगा. अंगावरचे कपडे भर चौकात बापाला परत करून उघडाच देवाकडे निघाला. हे ऐकून सोजराबाईचा नवरा कडूबा घाबरला. "बाबा, हा कापसाचा मुलूख हाय," तो म्हणाला, "इथं हे मोठ्यानं सांगू नका."

पण पुढं याच कडूबानं बाबांची विहीर खणली, चार महिने त्यांच्या पंगतीला जेवला आणि वाडीतली चार घरं डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घेऊन त्या धर्मात गेली त्यात त्याचं घर पहिलं. सोजराबाईही गेली. सासू तानुबाई तेवढी गेली नाही. ती म्हणायची, "माया देवाईनं माये एवढे वर्स ऐकले. आता म्हातारपनी त्याईले कोनत्या तोंडानं सांगू, का तुम्ही जा म्हनून?"

लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. वाडीनं त्याचे जे काय विनोद करायचे ते करून झाले होते. दहाव्या वर्षी चैत्रात सोजराबाईला मुलगी झाली. बाबा स्वतः आले, दारात उभे राहिले आणि पुस्तकातून शिकलेल्या आपल्या मराठीत म्हणाले, "बाई, उशीर करू नये. बाळास शक्य तितक्या लवकर आणावे."

सोजराबाईनं हसून मान डोलावली आणि नेलं नाही.

का नेलं नाही? बाप्तिस्मा म्हणजे नाव ठेवायचं, आणि नाव बाराव्या दिवशी ठेवायचं असतं. बाराव्या दिवसाच्या आधी पोराला नावानं हाक मारली तर ती हाक नको त्याच्याही कानावर जाते. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, शिकवायची गरजच नव्हती. देव बदलला होता, दिवसांची मोजणी नव्हती बदलली. शिवाय नऊ वर्षं ऐकून घेतलेल्या बाईला बारसंही थाटात करायचं होतं. धामणगाव बढ्याहून दोन बहिणी यायच्या होत्या. घुगऱ्यांचे गहू निवडून ठेवले होते. सकाळी बाबांच्या देवळात, दुपारी आपल्या अंगणात, असा दोन्ही देवांना राजी ठेवणारा बेत होता. नावही ठरलं होतं. ते तिनं कोणाला सांगितलं नाही. मनकर्णाबाईनं, म्हणजे शेजारणीनं, किती खोदून विचारलं. "परवा पाळन्यात आयकजो," एवढंच.

अकराव्या दिवशी सकाळी पोरीनं दूध सोडलं. दुपारपर्यंत अंग तव्यासारखं. कडूबा बाबांना आणायला धावला, तर बाबा झोळी घेऊन धाडच्या बाजाराला गेलेले. तानुबाई कपाळावर घड्या ठेवत होती. हातात पाण्याचा तांब्या. एकाएकी तीच थांबली.

"सोजरे, तुया बाबानं सांगतलं होतं ना, जीवाचं काही वाटलं त घरच्यानं बी पानी टाकलं त चालते म्हनून?"

"हाव."

"मंग टाक. हे घे."

सोजराबाईनं तांब्याकडे पाहिलं. बाबांनी हे शिकवलं तेव्हा ती पहिल्या रांगेत बसली होती, शब्द पाठ होते. कोणीही ओतलं तरी चालतं, बाई असो, माणूस असो, साधं पाणी असो. पण ते मरणाऱ्यासाठी. पाणी ओतायचं म्हणजे पोरगी मरते आहे, असं आपल्याच हातानं कबूल करायचं.

"उद्या बारसं हाय, आत्याबाई," ती म्हणाली.

"अवं, टाक वो."

"उद्याच्यानं होते. उद्या बाबाच टाकतीन."

म्हातारीनं आपल्या देवांना सोडलं नव्हतं, पण त्या दिवशी ती सुनेच्या देवासाठी भांडली. सुनेनं ऐकलं नाही. उन्हं कलायच्या आत पोरगी गेली. कडूबा बाबांना घेऊन आला तेव्हा तांब्या तसाच भरलेला होता.

बाबांनी गुडघे टेकले, प्रार्थना केली, रडलेही. पण त्यांच्या दफनभूमीत पाणी न घेतलेल्याला जागा नव्हती. कुंपणाच्या बाहेर, बोरीच्या अंगाला, पुरली. सोजराबाईनं विचारलं, "बाबा, आता माही पोट्टी कुठं हाय?" बाबांनी खोटं सांगायचं टाळलं, हा त्यांचा मोठेपणा म्हणा नाहीतर आणखी काही. ते म्हणाले, "तिला दुःख नाही, बाई. कसलीही वेदना नाही. परंतु देवाचे दर्शन तिला होणार नाही. तिथून पुढे वाट नाही."

"आमी मेल्यावर भेटन काय?"

बाबा दोराच्या गाठीशी चाळा करत राहिले.

तेव्हापासून सोजराबाईचं तोंड बंद. निंदणीच्या बायांना पहिल्यांदा बरं वाटलं, मग करमेना. ऑगस्टातल्या माफीच्या सणाआधी बाबा तीन दिवसांचं एकांत-मौन ठेवत. लांबून लांबून माणसं यायची, जळगाव जामोदकडून चार घरं तर तीन दिवस पायी चालत. पडवीत राहायचं, पिठलं-भाकर खायची, प्रार्थना करायची, बोलायचं नाही. सोजराबाई त्यात बसली. "सोजरा तीन दिस गप्प बसनार!" म्हणून रंगरावानं मारुतीला नारळ फोडला. वाडी हसली. ती चार महिने गप्पच होती, हे हसणाऱ्यांच्या ध्यानात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी बाबांनी माफीची गोष्ट सांगितली. त्यांच्या संतानं दूरदेशी एक मोडकं देऊळ आपल्या हातानं उभं केलं होतं. दोन ऑगस्टला त्याच्या पंथाच्या कुठल्याही देवळाचा उंबरा जो पश्चात्तापानं ओलांडेल, प्रार्थना म्हणेल, त्याला पूर्ण माफी. स्वतःला नको असेल तर मेलेल्या माणसाला द्यावी, शिक्षा भोगणारा एक जीव सुटतो. बाहेर येऊन पुन्हा आत गेलं की पुन्हा एक.

सोजराबाईनं मान वर केली. कितीतरी दिवसांनी.

बाबांनी चैत्रात काय सांगितलं होतं, ते ती विसरली नव्हती. पण ती शेतातली बाई. गाळात रुतलेली गाडी एका जोडीनं निघत नाही तेव्हा कोणी गाडी सोडून जात नाही, दुसरी जोडी जुंपतात, तिसरी जुंपतात. साध्या जीवाला एक खेप पुरते, तर वाट नसलेल्या जागेतून काढायला जास्त लागतील. दहा लागतील. वीस लागतील.

दोन तारखेला कपाशी निंदायला बाया थांबल्या होत्या आणि मुकादमीण देवळात. आत जायचं, गुडघे टेकायचे, सहा वेळा प्रार्थना म्हणायची, बाहेर यायचं, कुंपणापर्यंत जायचं, परत फिरायचं. लुगडं पावसानं गुडघ्यापर्यंत चिखलाचं. पारावर रंगरावाशेजारी बसलेला पंजाबराव ओरडला, "काय बे रंग्या, बाई काही इसरली काय आत?"

"सोळा येळा इसरली," रंगराव म्हणाला.

मनकर्णाबाई धावत आली. "सोजरे, काय करून राह्यली? लोक हासून राह्यले."

"हासू दे. तू सरक."

सव्वीस खेपा झाल्या आणि सत्ताविसाव्या वेळी बाबा दारात उभे. सकाळपासून ते पाहत होते. त्यांना वाटलं, बाई आईबापांसाठी, आज्या-पणज्यांसाठी करत असेल.

"बाई, कोणासाठी करता आहात?"

"पोट्टीसाठी."

बाबांचा चेहरा उतरला. "तिचे नाव..." ते म्हणाले आणि थांबले.

"नाव कुठं ठेवलं, बाबा? सव्वीस येळा नुसतंच 'माही पोट्टी' म्हनली. तेवढ्यानं चालत नाई काय?"

"नावाचा प्रश्न नाही, बाई. ही माफी शिक्षेतल्या जीवांस मिळते. आपली मुलगी शिक्षेत नाहीच. तिथे माफी पोचत नाही. मी आपणास फसवू शकत नाही."

पाऊस देवळाच्या कौलांवर वाजत होता. सोजराबाई उंबऱ्यावरच बसली. एक पाय आत, एक बाहेर.

"मंग ह्या सव्वीस कोनाले गेल्या?"

"ज्यांना गरज आहे, त्यांना देव देईल. एकही वाया जात नाही."

"म्हंजे दुसऱ्याच्या लेकराईले."

बाबा दारातून बाजूला झाले. रंगरावाची मोजणी तिथं संपली, कारण पावसानं पारही ओला केला. नाहीतर त्यानं पाहिलं असतं की बाई उठली आणि सत्ताविसाव्यांदा आत गेली.

पुढं तिला मूल झालं नाही. बाबांची बदली दूर कुठंतरी झाली. नवे बाबा आले, तसाच झगा, तसाच दोर. त्यांनाही तिनं एकदा विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं, फक्त मराठी जरा बरी होती. तानुबाई गेली, तीही पाणी न घेता. बोरी तोडून तिथं शेत झालं आणि पोरगी नेमकी कुठं ते कडूबालाही दाखवता येईना.

दरसाल दोन ऑगस्टला मात्र सोजराबाई निंदणी सोडून देवळात. आत आणि बाहेर. गुडघे धरले तशा खेपा कमी झाल्या. रंगरावानंही मोजणं सोडलं. त्याला म्हणे कंटाळा आला.

एका साली मनकर्णाबाई तिच्याबरोबर कुंपणापर्यंत गेली. दोघी म्हाताऱ्या झालेल्या. मनकर्णाबाईनं शेवटी विचारलंच, "दोन-दोन बाबाईनं सांगतलं, पोचत नाई म्हनून. काऊन जातं वो दरसाल? चिखलात पडून मरशीन एखांद्या दिवशी."

सोजराबाईनं लुगड्याचा चिखल झटकला आणि म्हणाली, "पोचत नाई, हे मलेबी मालूम हाय, बाई. पन घरी बसून तरी काय पोचते?"