पेडण्यात परत केलेली वाटी

पत्रादेवीचा नाका ओलांडून आम्ही गोव्यात शिरलो, तेव्हा मागच्या सीटवर बसलेल्या आईने कोल्हापूर सोडल्यापासून पहिल्यांदाच खिडकीची काच खाली केली. ऑफिसात मी सहलीचं कारण समुद्र असं सांगितलं होतं. खरं कारण वाटीभर मणगणं हे होतं.

पावसाळ्यातल्या आजारपणापासून आईचं जेवण तुटलं होतं. अर्धी भाकरी, तीही ताटात तशीच. डॉक्टर म्हणाले, मागतील ते द्या. पण ती काही मागेल तर ना. शेवटी एक दिवस म्हणाली, मणगणं खावंसं वाटतंय. मणगणं म्हणजे हरभऱ्याची डाळ आणि साबुदाणा यांची खीर, तिच्या माहेरचा, डिचोलीचा सणाचा पदार्थ. माझी बायको सुलभा हिने ते आई करायची तसंच केलं, म्हशीच्या दुधात, साखर-वेलची घालून. आईने दोन चमचे खाल्ले आणि वाटी सरकवली. यावर मी सुलभाला ऐकवलं, की असले पदार्थ मूळ गावीच जमतात. ती म्हणाली, "मग चला मूळ गावी. गाडी तुम्ही चालवा."

पहिला थांबा पेडणे. बाजाराजवळ चार टेबलांची खानावळ, मालकीणबाई स्वतः वाढत होत्या आणि फळ्यावर खडूने चक्क मणगणं लिहिलेलं. वाटी आली आणि माझं डोकंच फिरलं. रंग चहासारखा तपकिरी. दुधाचा थेंब नाही. आईने चमचा उचलला होता. मी वाटी तिच्या पुढ्यातून ओढून घेतली आणि विचारलं, की आजारी माणसाला हे असलं द्यायचं का, यात दूध कुठे आहे?

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "दूद? मणगण्यांत दूद कित्याक?" (कशाला?)

मग मी त्यांना मणगणं कसं करतात ते समजावलं. पेडण्यात उभं राहून, पेडण्याच्या बाईला. दूध किती आटवायचं, साखर कधी घालायची, सगळं सांगितलं. वर, मी लहानपणापासून खात आलोय, हेही. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, वाटी उचलली आणि आत गेल्या. सुलभाने उसळीच्या ताटावर मान खाली घातली. आई काही बोलली नाही. तिचं गप्प बसणं मी माझ्या बाजूचं धरलं.

संध्याकाळी मोरजीला. तिथे किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांभोवती जाळ्या लावून राखण करतात. किनाऱ्यामागच्या हॉटेलात मणगणं उंच काचेच्या ग्लासात आलं. वर आइस्क्रीम, त्यावर लाल चेरी. देवाच्या नैवेद्याला चेरी! कासवाच्या अंड्यांना पहारा आहे, मणगण्याला मात्र कुणी वाली नाही, असं मी वेटरला सुनावलं. तो बिचारा नेपाळचा होता, हसून आणखी एक चेरी घालून गेला. आईने एक चमचा खाऊन ग्लास माझ्याकडे सरकवला. मी तो रागारागाने संपवला, आणि संपवताना जाणवलं, की डब्यातल्या दुधाचं का होईना, घरच्या चवीच्या त्यातल्या त्यात जवळचं हेच आहे. हे मी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी डिचोली. आईचं घर होतं तिथे आता दुचाकींचं गॅरेज आहे. आई दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, चला, भूक लागली. बसस्टँडजवळच्या हॉटेलात तिने वाढणाऱ्या बाईंना स्वतःच सांगितलं, "म्हाका इल्लें मणगणें दी गे." (मला थोडं मणगणं दे गं.) तिच्या तोंडून ही बोली ऐकून मला किती वर्षं झाली होती, देव जाणे.

पुन्हा तोच चहाचा रंग. मी उठलोच. पण आईने वाटीवर पालथा हात ठेवला.

"बस खाली, विलास."

मी बसलो. तिने चमच्याने खाल्लं, मग चमचा ठेवून बोटाने वाटी पुसून खाल्ली. आणि मग सांगितलं, की मणगण्यात नारळाचा रोस (नारळाचं दूध) आणि गूळच असतो. माझ्या आजीला, म्हणजे तिच्या सासूला, नारळाचा रोस सोसत नसे, आणि घरात दोन म्हशी. दुधात गूळ घातला की ते फाटतं, म्हणून साखर. "नाव तेवढं मी मणगणं ठेवलं."

"मग तुला ते..."

"मला ते कधीच आवडलं नाही. तुम्ही सगळे वाट्या चाटत होता, मग कशाला बोलायचं?"

सुलभा सावरून बसली. "म्हणजे माझं बिघडलं नव्हतं."

"अगदी माझ्यासारखं झालं होतं गं. म्हणून तर खाववलं नाही."

मला संताप आला. एका बाईला तिच्या माहेरचा पदार्थ तिच्याच घरात पन्नास वर्षं मिळू नये? पण आजी केव्हाच गेलेली, म्हशीही गेल्या. रागवायला उरलो होतो मीच, आणि पेडण्यात तर मी तिच्या तोंडचा घास काढून घेतला होता.

"त्या बाईंचं याहून चांगलं असणार," आई म्हणाली. "वासावरून कळत होतं. जाताना तिकडूनच जाऊ."

चोर्ला घाटाने बेळगावकडून लवकर पोचलो असतो. पण गाडी पेडण्याला वळवली. वाटेत पाठ केलेलं सगळं खानावळीच्या दारातच विसरलो, आणि चुकलं माझं, एवढंच म्हणता आलं. मालकीणबाईंनी मान हलवली आणि आईला माहेर कुठलं ते विचारलं. आई म्हणाली, "दिवचल." (डिचोली.) मग त्या दोघी बोलू लागल्या, आणि मला त्यातलं निम्मंच कळलं.

थोड्या वेळाने आईपुढे मणगणं आलं, सुलभापुढे आलं. माझ्यापुढे बाईंनी स्टीलचा पेला ठेवला. "तुमका दूद."

आई मान वर न करता वाटी पुसून खात होती. मी दूध प्यालो. साखर कमी होती, पण या वेळी काही बोललो नाही.