गिरणीपुढची जीप

धाराशिवच्या कोर्टात मी सरकारी वकील होते. दर महिन्याला आम्हाला संवेदनशील खटल्यांची यादी करावी लागायची. कुठला खटला त्यात घालायचा याचे ठोकताळे होते. मेलेला कुठल्या समाजाचा, आरोपीचं गावात वजन किती, पेपरात आलं का, मोर्चा निघाला का. यादीत गेलं की खटल्याची दर महिन्याला वरून विचारपूस व्हायची आणि पोलिसांना साक्षीदारांची खबर ठेवावी लागायची. बाकीचे खटले आपापले चालत राहायचे, किंवा राहायचे नाहीत.

भूम तालुक्यातल्या एका गावातला खून मी त्या यादीत घातला. मेलेला पोरगा बौद्ध, वीज कंपनीच्या ठेकेदाराकडं वायरमन. एका बागायतदारानं तारेवर आकडा टाकून चोरून मोटार चालवली होती. लाइट बंद करून यानं तो आकडा काढला. बागायतदार आणि त्याचा भाऊ, दोघांनी त्याला भर चौकात पाइपानं मारलं. तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यात वारला.

चौकात माणसं पुष्कळ होती म्हणे. जबाब एकीनंच दिला. ती मुसलमान बाई, पन्नाशीची, नवरा वारलेला, चौकात पिठाची गिरणी चालवायची. लाइट गेली, गिरणी थांबली, म्हणून ती दारात येऊन उभी राहिली होती.

खटला उभा राहण्याआधी ती एकदा माझ्याकडं आली. मी विचारलं, "कोर्टात हेच सांगाल ना?"

"सांगीन की म्याडम. पोरगं माझ्या म्होरं पडलं. खोटं कशापायी बोलू?"

त्या दिवशी यादीतल्या शेऱ्याच्या रकान्यात मी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'एकमेव प्रत्यक्षदर्शी. पोलिसांनी दर पंधरा दिवसांनी भेट घेऊन अहवाल द्यावा.' आपण चोख काम केलं, असं तेव्हा वाटलं होतं.

अहवाल वेळेवर यायचे. 'साक्षीदार सुरक्षित. कसलाही दबाव नाही.' खाली तिची सही, डावीकडं कललेली. आढाव्याच्या बैठकीत मी ते वाचून दाखवायची आणि साहेब मान हलवून पुढच्या खटल्याकडं वळायचे. असं वर्षभर चाललं.

साक्षीच्या दिवशी ती पिंजऱ्यात उभी राहिली, पण माझ्याकडं तिनं बघितलं नाही.

"म्या गिरणीत आत होते. काय बघितलं न्हाय."

मी तिचा जबाब वाचून दाखवला. "पोलिसांनी काय लिहिलं मला ठाऊक न्हाय," ती म्हणाली. तिला फितूर जाहीर करावं लागलं. मग तिची उलटतपासणी मलाच घ्यावी लागली. मी आवाज चढवला. दोन्ही आरोपी बाकावर शांत बसून होते.

दुपारी ती मला व्हरांड्यात पाण्याच्या टाकीपाशी दिसली. राग आवरत मी विचारलं, "कुणी धमकी दिली?"

"न्हाय. कुणी एक शब्द बोललं न्हाय."

"मग?"

"तुमची जीप यायची ना. गिरणीपुढं हुबी राहायची. हवालदार आत येऊन सही घ्यायचे. आधी बायका डबे ठिवून जायच्या. जीप दिसली की मागं वळायला लागल्या. मग जीप नसली तरी यायच्या बंद झाल्या. दीर म्हणला, गावात आपली चार घरं, कशाला पोलिसाची वर्दळ?"

"पण तुमचा जबाब आरोपींना आधीच कळला होता. कागद त्यांनाही मिळतात."

"व्हय. पर गाव इसरलं असतं, म्याडम. जीप इसरू दीना." ती पुढं म्हणाली, "म्या हवालदाराला म्हणले, येऊ नगासा. ते म्हणले, वकील म्याडमचा हुकूम हाय."

ती पदर सावरून पायऱ्या उतरली.

दोघेही सुटले. का सुटले, याचं कारण एका ओळीत वर कळवायचं होतं. मी लिहिलं, 'साक्षीदार फितूर.' बैठकीत मात्र जीपचं सांगितलं. साहेब म्हणाले, "आणि भेटी बंद ठेवल्या असत्या, तिचं काही बरंवाईट झालं असतं, तर तुम्हीच काय म्हणाला असता?" तेही खरंच होतं. पुढं मी शेऱ्यात 'साध्या वेशात' असं लिहायला लागले. कुणी पाळलं, कुणी नाही.

अपिलाचा प्रस्ताव मी पाठवला, तो मंजूर झाला नाही. मुदत संपल्यावर पोराची आई मुद्देमाल न्यायला आली. साठीची बाई, शेतमजूर. निकालाच्या दिवशी ती रडली नव्हती. मी तिला बसवलं आणि गिरणीवालीनं मला जे सांगितलं ते सगळं सांगितलं. माझ्या शेऱ्याचंही सांगितलं. मला वाटलं, ती मला शिव्या देईल.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "पोरगं गेल्यापास्नं म्या दळण तिच्याकडंच टाकत हुते. शेवटी शेवटी माझा एकलीचाच डबा असायचा."

कारकुनानं सील फोडून पुडकं उघडलं. पकड, टेस्टर, एका पायातला बूट. दुसऱ्या बुटाची नोंदच नव्हती. तिनं अंगठा दिला, शाईचं बोट लुगड्याला पुसलं आणि तिन्ही वस्तू पिशवीत घातल्या.

दारात थांबून तिनं विचारलं, "भूमची गाडी किती वाजता हाय?"