साडेपाच मिळवणारे मामा

आमच्या माणिकप्पा मामांची नक्कल करायला फार काही लागत नाही. डोळे मिटायचे, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायचा आणि पुटपुटायचं, "आठ न् साडेपाच... दीड. हाव, दीडच." मग छाती पुढं काढून: "लॉग खोटं बोलत न्हाई!" प्रत्येक लग्नात मला ही नक्कल करायला लावतात. सगळ्यांत मोठ्यानं मामाच हसायचे.

मामा मूळचे चाकूरचे. लातुरात एका क्लासचा सर्व्हर सांभाळतात. पोरं तिथं कंप्युटरवर सराव परीक्षा देतात. कोण कधी आत आलं, मशीन कधी बंद पडून सुरू झालं, सगळ्याची ओळ सर्व्हर वेळेसकट लिहून ठेवतो. तोच लॉग. मामा एक शब्द टाकतात आणि त्या ढिगातून नेमकी ओळ उचलतात. जुना सर्व्हर आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची वेळ लिहायचा, म्हणून मामा मनातल्या मनात साडेपाच मिळवायचे. मामी म्हणायची, "कुकरच्या शिट्टीतबी मिळवतेत."

उन्हाळ्यात नवा सर्व्हर आला. थोड्याच दिवसांत एका संध्याकाळी बोंब उठली: सकाळच्या बॅचची उत्तरंच गायब! मामांनी लॉग धुंडाळला. मशीन मध्येच बंद होऊन सुरू झालेलं, वेळ दहा चाळीस. डोळे मिटले, पेरं मोजली. "चार वाजून दहा."

चारला त्या खोलीत फक्त चांगुणाबाई होत्या, फरशी पुसायला.

"अप्पा, मी पोछा मारून राहिले होते. वायरला हात न्हाई लावला."

"बाई, लॉग खोटं बोलत न्हाई."

क्लासचे मालक सर होते, मास्तर होते, फीला आलेले पालक होते. सर्वांसमोर मामा हे ठणकावून बोलले. चांगुणाबाईंनी बादली तिथंच ठेवली आणि चपला घातल्या. पुन्हा आल्या नाहीत. घरी मामांनी हा किस्सा रंगवून सांगितला. मी तो लगेच नकलेत घेतला.

पुढच्या महिन्यात प्रेम नावाचा पोरगा आला. म्हणाला, रविवारी पेपर दिला तरी गैरहजर लागलंय. मामांनी त्याचं नाव टाकून शोधलं. सापडलं, आठ वाजता. साडेपाच मिळवले, दीड.

"दीडला कसं काय? रविवारी दुपारी तर कुलूप असतंय."

"काका, सकाळी आठलाच बसलो होतो की. समोर तेच लिवलंय."

मामांचा अंगठा पेरावरच थांबला. नव्या सर्व्हरवर भारताची वेळ त्यांनी स्वतःच्या हातानं लावली होती. मिळवायचं काहीच उरलं नव्हतं. म्हणजे दहा चाळीस हे सकाळचे दहा चाळीसच. आणि उत्तरं गेली त्या सकाळी, पेपर सुटल्यावर, नव्या बॅटरीला जोडायला सर्व्हरची वायर उपटली होती ती मामांनीच. दुसऱ्या वायरवर मशीन चालूच राहिलं असणार, असं धरून ते चहाला गेले होते.

त्या दिवशी मामा जेवले नाहीत. मामीला एवढंच म्हणाले, "तोंड कुठं लपवू?"

चांगुणाबाई आता एका मेसमध्ये भाकरी थापतात. मामा मला बरोबर घेऊन गेले. एकट्याचा धीर होत नसावा. पोरं ताटावर बसली होती. मामा चुलीजवळ वाकून काहीतरी बोलले.

भाकरी उलटत चांगुणाबाई म्हणाल्या, "ऐकू येईना. त्या दिवशी तर लई मोठा आवाज होता तुमचा."

मामांचे कान लाल झाले. सरळ उभे राहिले. "वायर मी काढली होती. नाव तुमचं घेतलं."

पोरांचे घास थांबले.

"आता हेच तिथं जाऊन सांगा. ज्यांच्या म्होरं बोललात, त्यांच्या म्होरं."

सर म्हणाले, "मिटलेलं कामून उकरता, माणिकप्पा?" मामांनी तरी सोमवारी सगळ्या मास्तरांसमोर, पालकांसमोर सांगितलं. सरांनी चांगुणाबाईंना परत बोलावणं धाडलं. त्या आल्या नाहीत.

परवा उदगीरच्या लग्नात आत्यानं मला पुढं ढकललं. "कर गं मामाची." मी मामांकडं पाहिलं.

"कर," ते म्हणाले. "पण अर्धी करू नको."

डोळे मिटून पेरं मोजली, लॉग खोटं बोलत न्हाई झालं, मांडव हसला. मग मी सरळ उभी राहिले आणि मामांच्याच आवाजात म्हणाले, "वायर मी काढली होती. नाव तुमचं घेतलं."

कुणी हसलं नाही. आत्या म्हणाली, "हे न्हवतं की नकलेत!"

मामा खाली बघत म्हणाले, "आता हाय."